जनकाची पारख: संयोग क्षमतेचे संख्याशास्त्र

स्वतः भरघोस उत्पन्न देणारे दोन वाण एकत्र आणले, तरी त्यांचा संकर सामान्यच निघू शकतो. उलट, खुज्या आणि अशक्त दिसणाऱ्या दोन अंतःप्रजनित (अनेक पिढ्या स्वपरागणाने वाढवलेल्या) वाणांच्या संकरात विलक्षण जोम दिसतो. वाणाचे स्वतःचे उत्पन्न आणि जनक म्हणून त्याची योग्यता या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि दुसरीची खरी कसोटी संततीतच लागते. या योग्यतेला प्रजननशास्त्रात संयोग क्षमता म्हणतात.

मक्यावर काम करणाऱ्या स्प्रेग आणि टेटम यांनी १९४२ मध्ये तिचे दोन भाग केले. एखादा जनक अनेक जोडीदारांबरोबरच्या संकरांत सरासरीने कसा उतरतो, ती त्याची सर्वसाधारण संयोग क्षमता. आणि दोन्ही जनकांच्या या सरासरी कामगिरीवरून बांधलेल्या अपेक्षेपेक्षा एखादी ठरावीक जोडी जितकी सरस किंवा निकृष्ट ठरते, ती त्या जोडीची विशिष्ट संयोग क्षमता. पहिली जनकाची असते, दुसरी जोडीची. हा भेद लक्षात राहिला, तर पुढचे गणित अवघड वाटत नाही.

काल्पनिक आकडे घेऊ. सर्व संकरांचे सरासरी उत्पन्न हेक्टरी ४० क्विंटल आहे; ‘क’ या जनकाची सर्वसाधारण क्षमता +३, तर ‘ख’ची −१ आहे. त्यांच्या संकराकडून अपेक्षा ४२ क्विंटलची. प्रत्यक्षात ४७ आले, तर विशिष्ट क्षमता +५. आता ‘ग’ (−४) आणि ‘घ’ (−३) यांचा संकर पाहा. अपेक्षा ३३, उत्पन्न ४१, म्हणजे विशिष्ट क्षमता तब्बल +८. तरीही हा संकर पहिल्यापेक्षा ६ क्विंटलने मागेच राहतो. म्हणून केवळ विशिष्ट क्षमतेच्या क्रमवारीवरून संकर निवडणे मला धोक्याचे वाटते. प्रत्यक्ष उत्पन्न त्या आकड्याशेजारी ठेवूनच निर्णय घ्यायला हवा.

हे आकडे मिळवण्यासाठी जनकांचा एकमेकांशी पद्धतशीर संकर करावा लागतो. या ‘डायलेल’ रचनेच्या विश्लेषणाच्या चार पद्धती ग्रिफिंग यांनी १९५६ मध्ये मांडल्या. दहा जनक असतील, तर जनक, सरळ संकर आणि नर-मादी उलटवून केलेले व्यस्त संकर मिळून १०० नोंदी होतात; केवळ सरळ संकर घेतले, तर ४५. व्यस्त संकरांचा खर्च अनाठायी नसतो, कारण हरितलवके आणि तंतुकणिका यांतील जनुके बहुतेक पिकांत मादीकडूनच येतात, आणि तो परिणाम सरळ संकरांतून वेगळा काढता येत नाही.

केवळ सरळ संकरांच्या पद्धतीत एक बारकावा आहे. जनकाच्या सर्व संकरांच्या सरासरीतून एकूण सरासरी वजा केली की त्याची सर्वसाधारण क्षमता मिळाली, असे वाटते. पण त्याच्या जोडीदारांत तो स्वतः नसतो, त्यामुळे उत्तम जनकाला जोडीदार किंचित कमी प्रतीचे आणि दुबळ्याला किंचित वरचढ मिळतात. ही उणीव भरून काढण्यासाठी, जनक n असतील, तर त्या फरकाला (n−१)/(n−२) ने गुणतात. दहा जनकांसाठी ९/८ ने.

जनक वाढले की डायलेल हाताबाहेर जाते: वीस जनकांचे सरळ संकरच १९० होतात. अशा वेळी केम्पथॉर्न यांची १९५७ ची ‘लाइन × टेस्टर’ रचना उपयोगी पडते. वीस वाण तीन टेस्टरांशी, म्हणजे सर्वांसाठी समान ठेवलेल्या कसोटीच्या जनकांशी, संकरित केले, तर ६० संकरांत काम भागते. मात्र निष्कर्ष टेस्टरांच्या निवडीवर अवलंबून राहतात, आणि त्या निवडीबाबत हलगर्जी झाली, तर पुढचे विश्लेषण तिची भरपाई करू शकत नाही.

यानंतर प्रचरण विश्लेषणाने, म्हणजे संकरांमधील एकूण चढउताराची कारणांनुसार विभागणी करून, दोन्ही क्षमतांचा वाटा तपासतात. सर्वसाधारण क्षमतेमागे प्रामुख्याने जनुकांचे बेरजेने साठणारे परिणाम असतात, तर विशिष्ट क्षमतेमागे प्रभाविता (जनुकाच्या एका रूपाने दुसऱ्याला झाकणे) आणि जनुकांमधील परस्परक्रिया. पहिला वाटा मोठा असेल, तर चांगल्या जनकांच्या संततीतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून स्थिर वाण घडवता येतो. दुसरा मोठा असेल, तर संकरित बियाण्याचा मार्ग सयुक्तिक ठरतो. मात्र जनक मुद्दाम निवडलेले असतील, तर हे अनुमान त्या जनकांपुरतेच मर्यादित राहते. ते साऱ्या पिकाला लागू करायचे, तर जनक मोठ्या समूहातून यादृच्छिकपणे घेतलेले असावे लागतात. शिवाय एकाच हंगामात, एकाच ठिकाणी मोजलेल्या क्षमतेत तिथल्या हवामानाचा आणि जमिनीचा परिणाम मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढायचा, तर तेच संकर अनेक ठिकाणी आणि अनेक हंगामांत लावावे लागतात.