दुखवटा वेगळा, विधवेवरची बंधनं वेगळी

पुण्यात ओंकारेश्वरापाशी दहाव्याला काकांच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढायला लागलं. शेवटी थोरला चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "आईची काळजी करू नका, आम्ही आहोत." थोड्या वेळानं कावळा शिवला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी घरी दोघीजणी काकूला मोरीपाशी घेऊन गेल्या. बांगड्या फोडायच्या होत्या. काकूनं हात पदराखाली ओढून घेतले. "रीत आहे गं," म्हणत एकीनं तिचं मनगट धरलं.

एकाच दिवशी, एकाच घरात, परंपरा म्हणूनच दोन्ही घडलं. म्हणून तर आपली गल्लत होते. दुखवटा पाळणं आणि बाईला विधवा म्हणून वेगळं काढणं या दोन गोष्टी आहेत.

सुतक साऱ्या भाऊबंदांना असतं. शेजारून पिठलं-भात येतो, घरात चूल पेटवायची घाई नसते, माणसं येऊन नुसती बसून जातात. तेराव्याला गोडाचं जेवण झालं की ते संपतं. मुलानं उतरवलेले केससुद्धा महिन्या-दोन महिन्यांत वाढतात. या रीतीनं आमच्या घराला आधार दिला आणि तिचा मान मी मनापासून राखतो.

कुंकू पुसणं, जोडवी काढणं, पुढे हळदीकुंकवाला न बोलावणं, मुलाच्या लग्नात आईनंच मागं उभं राहणं हे मात्र एकटीच्या वाट्याला येतं, आणि जन्मभर. काकू आधी गेली असती तर काकांच्या अंगावरची एकही वस्तू कुणी उतरवली नसती. आणि सुतकात थोडीफार सूट घेतली तर लोक फार तर नाक मुरडतात. इथं नाही म्हटलं तर मनगट धरलं जातं.

राज्यघटनेलाही हा फरक ठाऊक आहे. धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 25 सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. 1976 साली आलेल्या मूलभूत कर्तव्यांत तर स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडण्याचं आणि आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचं कर्तव्य एकाखाली एक लिहिलं आहे. एकासाठी दुसरं खोडावं लागलं नाही.

"हे मानवी हक्क वगैरे बाहेरून आलेलं" असं पुण्यात कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. फुले दांपत्यानं याच शहरात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. विधवाविवाह कायदेशीर होऊन तेव्हा 37 वर्षं झाली होती, तरी मुरूडच्या, म्हणजे कर्व्यांच्या गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. यातलं काय बाहेरचं?

उलट बाजूनंही जपायला हवं. एखादीला स्वतःहूनच मंगळसूत्र काढून ठेवावंसं वाटलं, तर सुधारणेच्या नावाखाली तिला टिकली लावायला लावणं हीसुद्धा सक्तीच. म्हणून घरात असा प्रसंग आला तर दहाव्याच्या आदल्या रात्री, पाहुणे जमायच्या आत, तिला एकटीला गाठून विचारा. सकाळी उशीर होतो, आम्हाला झालाच. बांगड्या फुटायच्या राहिल्या, पण त्या फक्त धाकट्या चुलतबहिणीनं मध्ये पडून तो हात सोडवला म्हणून.

रात्री मी काकूला विचारलं, "तुला काय हवंय?"

ती म्हणाली, "बांगड्या राहू देत. आणि चैत्रातलं हळदीकुंकू मी माझ्या घरी करणार आहे."