शिशाच्या गोळीचा मिश्रधातू : घरगुती ओतकामामागचा इतिहास

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यानंतर जमावाने बोलिंग ग्रीन येथील राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. हा पुतळा शिशाचा होता आणि वर सोन्याचा मुलामा होता. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफिल्ड या गावी ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोहोचले, आणि तिथल्या स्त्रियांनी व मुलांनी ते वितळवून त्यांच्या गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याची नोंद ठेवली गेली असून तिची बेरीज ४२,०८८ इतकी आहे. अमेरिकेत घरी गोळ्या ओतण्याची परंपरा आजही जिवंत आहे आणि ‘कोणता मिश्रधातू घ्यावा’ हा तिच्यातला सर्वांत जुना वाद आहे. त्या वादाची दोन्ही टोके लिचफिल्डच्या या प्रसंगात दिसतात. बंदुकीला कसले शिसे हवे हे एक टोक, आणि दुसऱ्या कामातून सुटलेले कसले शिसे हाताशी आहे हे दुसरे. माझ्या मते या इतिहासात दुसऱ्या टोकाचा वाटा पहिल्याहून कमी नाही, आणि तो सहसा सांगितला जात नाही.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात निवड अशी फारशी नव्हतीच. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवर बिडाच्या भांड्यात त्याचा रस होतो आणि पक्कडीसारख्या साध्या साच्यात तो ओतता येतो. ते जड असते, आणि मऊ असल्यामुळे तेलकट फडक्यात गुंडाळून नळीत ठासताना आटे पाडलेल्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा कोरलेल्या नळीशी जुळवून घेते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांच्या नावाने जी लांबट गोळी प्रसिद्ध झाली, तिचे सारे गमक याच मऊपणात होते. ही गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे सहज आत सरके, आणि बार उडताच तिचा पोकळ तळ फुगून आट्यांत रुतून बसे. शिशात थोडे जरी कठीण करणारे द्रव्य मिसळले तरी तळ फुगत नसे, म्हणून तिथे शुद्ध शिशाचा आग्रह अक्षरशः पाळावा लागे. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात आपण ज्या एनफिल्ड काडतुसाचे नाव ऐकतो, त्याच्या कागदी वेष्टनात याच तत्त्वावर चालणारी मऊ शिशाची गोळी होती. गोळी नळीत सहज उतरावी म्हणून वेष्टनाला चरबी लावलेली असे, आणि असंतोष पेटला तो त्या चरबीवरून.

छऱ्यांची गरज मात्र वेगळी होती. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये एका पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात शिशात थोडे आर्सेनिक मिसळून त्याचा रस चाळणीतून उंचावरून खालच्या पाण्यात सोडला जाई. आर्सेनिकामुळे थेंब पडता पडता गोल होत. गोळी ओतणाऱ्याला या आर्सेनिकाचे महत्त्व फार पुढे कळणार होते.

धातूची काडतुसे आणि मागून भरायच्या बंदुका आल्यावर कथील महत्त्वाचे ठरले. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात बायसनची शिकार करणारे लोक तळावरच गोळ्या ओतत आणि रिकामी काडतुसे पुन्हा भरत. त्या परंपरेतून आलेले प्रमाण आजही तसेच बोलले जाते : सोळास एक, वीसास एक, तीसास एक, म्हणजे शिशाच्या इतक्या भागांना कथलाचा एक भाग. कथलाने गोळी थोडी कठीण होते हे खरे, पण त्याचा पहिला गुण वेगळा आहे. त्याने रसाचा पृष्ठताण कमी होतो, रस साच्याच्या कडाकोपऱ्यांत नीट भरतो आणि गोळीच्या कडा स्वच्छ उतरतात. पुढे अमेरिकी बंदूक-लेखक इलमर कीथ यांनी १९२० च्या दशकात रिव्हॉल्व्हरसाठी ज्या जड गोळ्या रचल्या, त्यांनाही ते सोळास एक हेच मिश्रण वापरत. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे कथील नेहमीच महाग असे.

खरा पेच धूररहित दारूने आणला. पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये ती फ्रान्समध्ये तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीबरोबर ती सैन्यात आली. वेग आणि दाब इतके वाढले की मऊ शिसे आटे धरून फिरेना. ते नळीत खरवडले जाऊन थरासारखे चिकटू लागले. कारखान्यांनी गोळीला कठीण धातूचे आवरण चढवले. स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी तांब्याच्या आवरणाचे काम त्याच दशकाच्या आरंभी केलेले होते. घरी ओतणाऱ्याला आवरण चढवणे शक्य नव्हते, त्यामुळे त्याला शिसेच कठीण करावे लागले आणि त्यासाठी शिशाला कठीण करणारी अँटिमनी ही ठिसूळ धातू हाती घ्यावी लागली. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी स्थापन केलेल्या आयडियल कंपनीने या छंदाला साचे आणि हस्तपुस्तिका पुरवल्या. ही कंपनी १९२५ मध्ये लायमन या अमेरिकी कंपनीकडे गेली. नव्वद भाग शिसे, पाच भाग कथील आणि पाच भाग अँटिमनी हे ‘लायमन नंबर दोन’ या नावाने ओळखले जाणारे मिश्रण त्याच परंपरेतले आहे. धातूची कठीणता मोजण्याच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिशाची कठीणता सुमारे ५ असते, तर या मिश्रणाची सुमारे १५. गोळीच्या तळाला बसवायची तांब्याची छोटी टोपीही बार्लो यांच्याकडूनच आली. तापलेल्या वायूने तळ कोरला जाऊ नये हा तिचा उद्देश आहे.

शुद्ध अँटिमनी शिशात विरघळवणे घरच्या भांड्यात कठीण जाते, कारण ती ६३० अंशांच्या पुढे वितळते. तरीही शौकिनांना ती मुबलक मिळाली, आणि ती मिळाली छापखान्यांतून. आपल्याकडे ज्यांना खिळे म्हणतात ते छपाईचे टाइप शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्याच मिश्रणाचे असत, कारण अक्षराच्या कडा स्पष्ट उतरायला हव्यात आणि दाबाखाली त्या झिजायला नकोत. ओटमार मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र, म्हणजे छपाईची ओळच्या ओळ धातूत ओतणारे यंत्र, १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये चालू झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक अमेरिकी शहरात या धातूचे साठे झाले. त्याचे प्रचलित प्रमाण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे होते. तो सुमारे २४० अंशांनाच वितळतो आणि गार होताना मध्ये लापशीसारखा न राहता जवळपास एकदम गोठतो. दिवसभर ओळींवर ओळी ओतणाऱ्या यंत्राला हे हवेच होते, आणि गोळीच्या साच्यालाही ते मानवले. त्याची कठीणता २२ च्या आसपास असल्यामुळे त्याचा थोडासा भाग मऊ शिशात मिसळला की काम होई. न्यूयॉर्क टाइम्सने जुलै १९७८ मध्ये ओतीव धातूवरची छपाई थांबवली, आणि त्या सुमारास ठिकठिकाणच्या छापखान्यांतून हा धातू भंगारात निघाला. मात्र छापखान्यात तोच धातू पुनःपुन्हा वितळवला जाई आणि दर खेपेला रसावर साचणाऱ्या मळीबरोबर थोडे कथील व अँटिमनी निघून जाई. म्हणून जुन्या लायनोटाइपचे प्रमाण पुस्तकातल्यासारखेच असेल असे गृहीत धरणे चूक आहे.

दुसरा मोठा साठा टायरच्या दुकानांतून आला. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमला लावायची शिशाची वजने दोन-चार टक्के अँटिमनीची असत आणि त्यांत आर्सेनिकाचा अंश असे. तो अंश फार उपयोगी ठरला. अँटिमनीबरोबर जरासे आर्सेनिक असले, की साच्यातून निघालेली तप्त गोळी सरळ पाण्यात टाकल्यावर पुढच्या काही दिवसांत तिची कठीणता बरीच वाढते. नुसत्या शिसे-कथलाच्या मिश्रणात तसे घडत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक घरगुती ओतकाम या फुकट किंवा जवळपास फुकट मिळणाऱ्या वजनांवरच उभे होते.

याच सुबत्तेतून ‘जितके कठीण तितके चांगले’ हा समज रुजला असावा. तो बरोबर नाही. गोळी दाबाखाली किंचित पसरून नळी बंद करते. कमी दाबाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अतिकठीण गोळी तशी पसरत नाही, कडेने वायू निसटतो आणि शिसे नळीलाच चिकटते. म्हणजे जो दोष टाळण्यासाठी कठीण धातू घेतला तोच पुन्हा उद्भवतो. मिनिएच्या गोळीने शिकवलेला धडा इथेही लागू पडतो : मिश्रधातू दाबाच्या प्रमाणात हवा आणि गोळीचा व्यास नळीला साजेसा हवा.

आता हे साठे आटत आहेत. युरोपीय संघाने २००० च्या दशकातच मोटारींवरील शिशाची वजने बंद केली आणि कॅलिफोर्नियाने २०१० पासून. त्यांच्या जागी पोलादाची व जस्ताची वजने आली. पोलाद शिशावर तरंगते, म्हणून ते काढून टाकता येते. जस्त मात्र ४१९ अंशांना वितळून शिशात मिसळते आणि सगळा रस घट्ट, गुठळीदार करते, म्हणून भांड्याचे तापमान त्याखाली ठेवून जस्त वेचून काढावे लागते. मिसुरीतील हर्क्युलेनियम येथील कारखाना २०१३ अखेर बंद झाला. खनिजापासून शिसे गाळणारा तो अमेरिकेतला शेवटचा कारखाना होता. तेव्हापासून अमेरिकेतले शिसे बहुतांशी जुन्या बॅटऱ्यांतून येते. या बॅटऱ्या घरी फोडून वितळवू नयेत असे जाणकार सांगतात, आणि ते अक्षरशः पाळण्यासारखे आहे. त्यांच्या पट्ट्यांत कॅल्शियम असते, आणि त्यांची मळी ओलसर झाली तर आर्सेनिक व अँटिमनीचे विषारी वायू निघू शकतात. शिशाचे स्वतःचे विष आहेच, आणि घरात लहान मूल असेल तर मळीची धूळ हातांवरून व कपड्यांवरून त्याच्यापर्यंत पोहोचते.

भारतात दारूगोळा बनवण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे हा छंद इथे त्या रूपात आढळत नाही. अमेरिकेतील जुने ओतणारे आता प्रमाणित मिश्रणाच्या लगडी विकत घेतात, आणि साठवलेल्या लायनोटाइपच्या लगडींवर ठोकून खूण करून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी त्या चुकून मऊ शिशाच्या भांड्यात पडत नाहीत.