अ‍ॅक्शन कॅमेरा, थरथर आणि प्रकाशाचा हिशेब

खानदेशात सायकल, डोंगरभटकंती आणि घोडेस्वारी या छंदांना अलीकडे बरे दिवस आले आहेत, आणि त्यांच्यापाठोपाठ हेल्मेटवर किंवा छातीच्या पट्ट्यावर बसणारा, तळहातात मावणारा अ‍ॅक्शन कॅमेराही आला आहे. तोरणमाळचा घाट उतरणारे सायकलस्वार, श्रावणात पाटणादेवीच्या जंगलात शिरणारे ट्रेकर आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा पळवून पाहणारे हौशी स्वार यांच्याकडे तो हमखास दिसतो. मात्र विकत घेण्यापूर्वी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "फोर-के घ्यावा की एट-के?" चित्रातल्या पिक्सेलांची, म्हणजे ठिपक्यांची, संख्या सांगणारा खोक्यावरचा हा आकडा जितका मोठा तितके चित्रीकरण चांगले, हा समज इतका रुजला आहे की, चाळीस-पन्नास हजार रुपये मोजूनही हवे ते चित्र का मिळत नाही, हे अनेकांना उमगत नाही. माझ्या मते या कॅमेऱ्यांची खरी कसोटी दोनच गोष्टींवर लागते. तो थरथर किती शोषून घेतो आणि त्यासाठी लागणारा प्रकाश त्याला किती गोळा करता येतो, या त्या गोष्टी होत; आणि पहिली सर्वस्वी दुसरीवर अवलंबून आहे.

आधी थरथर म्हणजे नेमके काय ते पाहू. धावत्या सायकलवरचा कॅमेरा दोन प्रकारे हलतो: तो जागेवरून सरकतो आणि स्वतःभोवती वळतो. समजा, १२० अंशांचा देखावा ३८४० पिक्सेलांच्या रुंदीत मावतो आहे. म्हणजे एका अंशाला सरासरी ३२ पिक्सेल आले. कॅमेरा एक सेंटिमीटर बाजूला सरकला, तर दहा मीटरवरचे झाड चित्रात जेमतेम दोन पिक्सेल हलते आणि दूरचा सातपुडा तर ढिम्म हलत नाही. पण कॅमेरा एकच अंश वळला, तर झाड आणि डोंगर दोन्ही ३२ पिक्सेल उडी मारतात. म्हणून चित्र स्थिर करायचे म्हणजे मुख्यतः हे वळणे मोजून ते उलट फिरवायचे.

हे मोजण्याचे काम कॅमेऱ्यातला जायरोस्कोप करतो, आणि या इवल्याशा यंत्राबद्दल मला विशेष ममत्व आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण पाहिलेला जायरोस्कोप म्हणजे गरगर फिरणारी जड चकती; कॅमेऱ्यातल्या जायरोस्कोपमध्ये मात्र काहीच गरगरत नाही. सिलिकॉनच्या चिपवर कोरून काढलेला, एका मिलिमीटरपेक्षाही लहान असा एक तुकडा बारीक सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि विजेच्या साहाय्याने तो सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे झुलवत ठेवलेला असतो. कॅमेरा वळला की या झुलत्या तुकड्यावर, त्याच्या झुलण्याच्या दिशेशी काटकोनात, एक बल जाणवू लागते. जत्रेतल्या फिरत्या चक्रीवर मधोमध उभे राहून कडेकडे सरळ चालण्याचा प्रयत्न केला, तर कोणीतरी बाजूला ढकलत असल्यासारखे वाटते. ते हेच बल. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये त्याचे गणित मांडले. पृथ्वीही फिरत असल्याने हे बल वाऱ्यांवरही काम करते. विषुववृत्त ओलांडून आलेले आग्नेय वारे त्यामुळेच उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडे पाऊस आणतात. ज्या नियमाने कपाशीला पाऊस मिळतो, तोच नियम हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला तो किती वळला हे सांगतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

चिपमधला तुकडा या बलाने बाजूला सरकतो तो अत्यंत सूक्ष्म अंतराने. हे सरकणे मोजण्यासाठी तुकड्याला कंगव्याच्या दातांसारखी पाती असतात आणि ती तशाच स्थिर पात्यांमध्ये गुंतलेली असतात. दोन पात्यांमधील अंतर बदलले की त्यांची विद्युत धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि तिच्यावरून वळण्याचा वेग कळतो. तीन अक्षांसाठी अशा तीन रचना एकाच चिपवर असतात आणि त्या सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा वेग नोंदवत राहतात.

पुढचे काम गणिताचे आहे. कोनीय वेगांची बेरीज करत गेले की कॅमेऱ्याची दिशा मिळते; पण त्रिमितीतली वळणे साध्या बेरजेने जुळत नाहीत. आधी उजवीकडे व मग वर वळणे आणि आधी वर व मग उजवीकडे वळणे, यांतून वेगवेगळ्या दिशा निष्पन्न होतात. म्हणून हा हिशेब विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्निअन नावाच्या चार घटकांच्या संख्यांनी ठेवणे सोयीचे ठरते. मिळालेल्या दिशेतून स्वाराचे हेतुपुरस्सर वळणे, उदाहरणार्थ घाटातले वळण घेणे, वेगळे काढायचे असते. ते मंद असते, तर थरथर जलद असते, त्यामुळे कमी वारंवारतेचा भाग ठेवून उरलेला भाग उलट फिरवला जातो. त्यातही सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, चित्राच्या सर्व ओळी एकाच क्षणी वाचत नाही, वरून खाली क्रमाने वाचतो, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या ओळीची दिशा निराळी असते आणि दुरुस्तीही ओळीगणिक निराळी करावी लागते. गोप्रोने २०१८ मध्ये हिरो ७ ब्लॅकमध्ये 'हायपरस्मूथ' या नावाने हे तंत्र आणले, तेव्हा कॅमेऱ्याला वेगळा यांत्रिक गिंबल (मोटरांनी कॅमेरा स्थिर धरणारे साधन) लावण्याची गरज बऱ्याच अंशी संपली. आज सर्वच प्रमुख कंपन्या हे काम उत्तम करतात आणि उजेडात त्यांच्यात निवड करणे कठीण आहे.

पण हे सारे तंत्र एका फ्रेमची जागा दुसऱ्या फ्रेमशी जुळवते. एकाच फ्रेममध्ये उमटलेला फराटा त्याला पुसता येत नाही. शटर उघडे असताना कॅमेरा वळला तर प्रत्येक बिंदू रेघ होऊन उमटतो. खडबडीत वाटेवर कॅमेरा सेकंदाला १०० अंश वेगाने हिसके खातो असे धरू. शटरचा वेळ १/१००० सेकंद असेल तर तेवढ्यात तो ०.१ अंश, म्हणजे सुमारे ३ पिक्सेल फिरेल. हे डोळ्यांना कळणारही नाही. शटरचा वेळ १/५० सेकंद झाला तर फराटा ६४ पिक्सेलांचा होईल. पाटणादेवीच्या झाडीत छातीवर कॅमेरा बांधून घेतलेले चित्रीकरण थांबवून एकेक फ्रेम पाहिली, तेव्हा हे मला अगदी स्वच्छ दिसले. सागाची खोडे जागच्या जागी होती, पण पाने एका फ्रेममध्ये रेखीव तर पुढच्या फ्रेममध्ये हिरवा लगदा झालेली, आणि प्रत्येक पावलाबरोबर हे आलटून पालटून घडत होते. चित्र स्थिर होते, पण श्वास घेतल्यासारखे धूसर-स्पष्ट होत होते. त्या कॅमेऱ्यात बिघाड काहीच नव्हता; त्याला प्रकाश कमी पडत होता.

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर दाट झाडीखाली तो हजारावर किंवा त्याहूनही खाली येतो. प्रकाश शंभरपट घटला की कॅमेऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात: शटर अधिक वेळ उघडे ठेवणे किंवा आलेला संकेत वाढवून दाणेदार चित्र पत्करणे. यातून सुटका करू शकतो तो मोठा सेन्सर, कारण तेवढ्याच वेळात तो अधिक प्रकाश गोळा करतो. गोप्रो हिरो १३ ब्लॅकचा सेन्सर १/१.९ इंची आहे, तर डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रोचा आणि इन्स्टा३६०च्या एस प्रो २चा सेन्सर १/१.३ इंची आहे. (हे 'इंच' जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आले आहेत, सेन्सर पट्टीने मोजला तर तेवढा भरत नाही.) क्षेत्रफळात फरक दुपटीच्या आसपास पडतो. हिरोच्या भिंगाचे छिद्र तुलनेने थोडे मोठे असल्याने प्रत्यक्ष फायदा त्याहून कमी उरतो, तरीही जंगलात तो डोळ्यांना दिसतो.

एट-के चित्रात सुमारे ३.३ कोटी पिक्सेल असतात आणि फोर-केमध्ये ८३ लाख. सेन्सर तोच असेल तर तोच प्रकाश चौपट वाटेकऱ्यांत विभागला जातो. भरपूर ऊन असताना, नंतर चित्राचा एखादा भाग कापून घ्यायचा असेल, तर एट-केचा उपयोग आहे, हे मान्य करायला हवे; पण फराटा ६४ पिक्सेलांचा असताना अधिक पिक्सेल त्या फराट्याचेच बारकावे टिपतात. या आकड्याची जाहिरात ज्या जोमाने होते, तितका तो महत्त्वाचा नाही.

मग खानदेशातल्या माणसाने काय घ्यावे? आपल्याकडे ऊन रग्गड, म्हणून लहान सेन्सर चालेल, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. तो अपुरा आहे. ऊन सोसवत नाही म्हणूनच आपले सायकलस्वार फेब्रुवारी उलटला की तांबडे फुटण्याआधी घराबाहेर पडतात, आणि ट्रेक बहुतांशी पावसाळ्यात, ढगांखाली आणि झाडीत होतात. म्हणजे आपला छंद ज्या वेळी चालतो ती वेळ कमी प्रकाशाची असते. अशा माणसाने मोठा सेन्सर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही पाण्यात, तापीच्या किंवा धरणाच्या फुगवट्यात उतरणाऱ्याला अ‍ॅक्शन ५ प्रो अधिक सोयीचा, कारण तो कवचाविना २० मीटर खोलीपर्यंत चालतो; हिरो १३ला ही मर्यादा १० मीटर आहे. सारंगखेड्याचा बाजार भरतो तो मार्गशीर्षात, लख्ख उन्हात. घोडेस्वारीसाठी किंवा दिवसा उघड्या माळावर मोटारसायकल चालवणाऱ्यासाठी हिरो १३ उत्तम आहे. त्यात जीपीएस आहे, बदलता येणारी भिंगे आहेत आणि सेन्सर जवळजवळ चौरस असल्याने आडवे की उभे चित्र हवे, हे नंतर ठरवता येते.

उन्हात काळी एनडी काच लावली की चित्र सिनेमासारखे दिसते, असा सल्ला सर्रास दिला जातो. ही काच प्रकाश अडवून शटरचा वेळ वाढवते, म्हणजे वर सांगितलेला फराटा आपण पैसे देऊन विकत आणतो. न हिंदकळता चालणाऱ्या गाडीवर ती शोभते. खडकाळ उतारावर तिचा मोह टाळावा.

रात्री गडावर चढताना हेडलॅम्पच्या उजेडात घेतलेल्या चित्रीकरणात पांढरट गोळे तरंगताना दिसतात आणि मग 'गडावरचा आत्मा' म्हणून ती चित्रफीत गावोगाव फिरते. या कॅमेऱ्यांचे भिंग साधारण हातभर अंतराच्या पुढचेच स्पष्ट दाखवते. त्याच्या अगदी समोर उडालेला धुळीचा कण शेजारच्या दिव्याने उजळतो आणि अस्पष्ट, म्हणूनच गोल आणि मोठा दिसतो. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, हातात धरला की हे आत्मे बहुतांशी नाहीसे होतात. आपल्या मुलांना हा प्रयोग जरूर करून दाखवावा.

शेवटचा मुद्दा उष्णतेचा, आणि तो भुसावळ-जळगावच्या माणसाला टाळता येणार नाही. हिरो १३ची बॅटरी १९०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे ७ वॉट-तासांची आहे. ती दीड तासात संपली तर कॅमेरा जवळजवळ ५ वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतो, आणि तीही आत पंखा नसलेल्या, पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेल्या खोक्यातून. खोक्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो असे धरले, तर २५ अंशांच्या हवेत ३५ अंशांचा फरक उष्णता वाहून नेतो. मेमधल्या ४५ अंशांच्या हवेत तो फरक १५ अंशांवर येतो आणि थंड होण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो. धावत्या सायकलवर वारा मदत करतो, तिपाईवर ठेवलेला कॅमेरा मात्र लवकर बंद पडतो. उन्हाळ्यात एट-के किंवा सेकंदाला १२० फ्रेमचा हट्ट सोडून फोर-के आणि ३० फ्रेमवर चित्रीकरण केले तर प्रक्रियेचे काम घटते आणि कॅमेरा जास्त वेळ टिकतो. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांपेक्षा गरम असताना चार्ज केली की तिचे आयुष्य घटते, म्हणून उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती चार्जिंगला लावू नये. जास्तीच्या बॅटऱ्या रात्री घरीच चार्ज करून, कापडात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवाव्यात.