विन्योला : गाव, माणूस आणि ग्रंथ

उत्तर इटलीत मोदेना शहराजवळ, पानारो नदीच्या काठी विन्योला हे गाव आहे. मध्ययुगीन किल्ला आणि चेरीच्या बागा यांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी वास्तुकलेच्या अभ्यासकाला ‘विन्योला’ म्हटले की आठवतो तो १५०७ साली तेथे जन्मलेला जाकोमो बारोत्झी. कलावंताला त्याच्या गावावरून ओळखण्याची रीत तेव्हा इटलीत सर्रास होती. आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लागून आडनाव होते, तसेच हे; फक्त येथे गावाचे नाव जसेच्या तसे माणसाला चिकटले आणि मूळ आडनाव मागे पडले.

बोलोन्यात शिक्षण आणि फ्रान्समध्ये काही काळ काम करून तो रोमला स्थिरावला. फार्नेसे घराण्यासाठी त्याने काप्रारोला येथे पंचकोनी प्रासाद उभारला, तर १५६८ मध्ये रोममधील जेसुइटांच्या जेझू चर्चचे काम हाती घेतले. गोव्यात ज्यांचे शव जतन केले आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या उजव्या हाताचा अवशेष याच चर्चमध्ये आहे. १५७३ मध्ये विन्योलाचे निधन झाले आणि चर्चचा दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ता याच्या आराखड्याप्रमाणे बांधला गेला.

तरीही त्याचे नाव दूरवर नेले ते इमारतींपेक्षा १५६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्तंभांच्या पाच शैलींवरील त्याच्या ग्रंथाने. त्यात मजकूर थोडा आणि आकृत्याच अधिक आहेत. खांबाच्या बुंध्याची त्रिज्या हे एकक धरायचे. मग टस्कन खांबाची उंची १४ एकके, डोरिकची १६, आयोनिकची १८ आणि कोरिंथियन व संमिश्र शैलीची २०. खालचा चौथरा खांबाच्या एकतृतीयांश, तर वरचा तुळयांचा भाग एकचतुर्थांश. स्थानिक माप कोणतेही असो, हे प्रमाण बदलत नाही, त्यामुळे गवंड्यालाही ते वापरता येई. माझ्या मते त्याची खरी थोरवी या सुटसुटीतपणात आहे. पुढे फ्रान्समध्ये अशा हस्तपुस्तिकांनाच ‘विन्योल’ म्हणू लागले. गावावरून माणसाला मिळालेले नाव अशा रीतीने पुस्तकाला लागले.

खुद्द गावात मात्र या नावाने त्याची वेगळी ओळख पटणार कशी? तेथील एका जुन्या वाड्यातला त्याचा मानला जाणारा गोल जिना आणि गावचा प्रसिद्ध चॉकलेट केक, दोन्ही ‘बारोत्झी’ याच नावाने ओळखले जातात.