एकसारख्या केसमधले वेगळे गिअर: ट्रान्स्फर केसची पार्श्वभूमी

जुन्या ऑफ-रोड गाडीची ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी) उतरवून बाकावर ठेवली, की पहिला प्रश्न असतो: हिचा लो रेशो किती, म्हणजे सावकाश गतीत आउटपुटच्या एका फेऱ्याला इनपुटचे किती फेरे? चुकीचे सुटे भाग बहुतेक वेळा इथल्या अंदाजामुळेच येतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन केसमध्ये दात्यांची संख्या वेगळी निघते, शाफ्टची जाडी वेगळी निघते. असं का, याचं उत्तर त्या केस कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी बनल्या यात आहे.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात ऑटो झॅको आणि विल्यम बेसरडिक यांनी १९०८ च्या सुमारास तशी गाडी बनवली. त्यातून एफडब्ल्यूडी (फोर व्हील ड्राइव्ह) कंपनी उभी राहिली, आणि तिचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखलात राबले.

आज आपण ज्याला लो गिअर म्हणतो त्याचा पाया मात्र १९४० मध्ये घातला गेला. अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी अटी काढल्या. त्यांत दोन गतींची (नेहमीची हाय आणि सावकाश लो) ट्रान्स्फर केस आणि पुढचा अ‍ॅक्सल सोडवण्याची सोय मागितली होती. पायदळाच्या चालीने, ताशी ३ मैलांनी, गाडी न गचकता चालली पाहिजे अशीही अट होती. त्यातून तयार झालेल्या विलीस एमबी जीपमध्ये स्पायसर १८ केस बसली. लो रेशो १.९७, गिअरबॉक्सचा पहिला गिअर सुमारे २.६७, अ‍ॅक्सल ४.८८. तिन्हींचा गुणाकार जवळपास २६ येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे २६ फेरे. पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो लागू नये असा अटकावही त्यात होता. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो: लोमध्ये वाढलेला सगळा पीळ एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडत नाही.

युद्ध संपलं आणि तीच केस शेतात गेली. १९४५ च्या सीजे-२ए या नागरी जीपमध्ये लो २.४३ झाला, गिअरबॉक्सचा पहिला गिअर सुमारे २.८, अ‍ॅक्सल ५.३८. गुणाकार ३६ च्या पुढे गेला, कारण नांगर ओढायचा तर चालण्यापेक्षाही सावकाश जावं लागतं. स्पायसर १८ ची ठेवण या कामाला नेमकी जुळली. तिचा मागचा शाफ्ट मध्यावर नसून उजवीकडे निघतो. त्यामुळे गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या सरळ मागे जागा मोकळी राहते, आणि तिथून पीटीओ (इंजिनची ताकद बाहेर काढून देणारा शाफ्ट) काढून शेतीची यंत्रं चालवता येतात. पुढे लोकांनी ओव्हरड्राइव्हही (त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा जादा गिअर) तिथेच बसवले. याची किंमत आवाजाने मोजावी लागते. हायमध्येसुद्धा ताकद मधल्या गिअरमधून फिरूनच मागे जाते, म्हणून ही केस सतत गुणगुणते. ती गुणगुण म्हणजे बिघाड नव्हे.

मधला गिअर सुईसारख्या बारीक रोलरवर एका आडव्या शाफ्टभोवती फिरतो, आणि झीज नेमकी तिथेच होते. हा शाफ्ट कंपनीने दोनदा जाड केला: आधी पाऊण इंच, मग एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, शेवटी सव्वा इंच. नाव तेच राहिलं, केसचा बाह्याकार जवळपास तोच राहिला, पण शाफ्ट, रोलर आणि थ्रस्ट वॉशर एकमेकांत बदलता येत नाहीत.

१९६० च्या दशकात आलेल्या डाना २० मध्ये मागचा शाफ्ट मध्यावर आला आणि हाय थेट जोडला गेला. केस शांत झाली, पण मागच्या पीटीओची जागा गेली. ओळखण्याची खरी अडचणही इथेच आहे: जीपमधल्या डाना २० चा लो २.०३, तर १९६६ च्या फोर्ड ब्रॉन्कोमधल्या डाना २० चा २.४६. नुसत्या नावावरून रेशो ठरवला तर फसगत होते.

ब्रिटनमधल्या लँड रोव्हरने याच्या उलट केलं. एलटी२३० या केसचा लो ३.३२ वर कायम ठेवला आणि हाय गाडीनुसार बदलला. तिथे लो मोजून काहीच कळत नाही, हाय मोजावा लागतो.

१९७० च्या दशकापासून चेन आली, मग अ‍ॅल्युमिनियमची हलकी केस आणि प्लॅनेटरी गिअर. बिडाची, फक्त गिअरवर चालणारी डाना ३०० (लो २.६२) जीप सीजेमध्ये १९८० ते १९८६ टिकली. तिच्यानंतर न्यू प्रोसेस कंपनीच्या एनपी२३१ ने २.७२ हा आकडा रूढ केला. प्लॅनेटरीत मधल्या सन गिअरभोवती छोटे गिअर फिरतात आणि त्यांच्याबाहेर दात्यांचं कडं असतं. हे कडं स्थिर असतं, ताकद मधल्या सन गिअरमधून आत येते. कड्याच्या दात्यांना सन गिअरच्या दात्यांनी भागून त्यात १ मिळवला की रेशो मिळतो. २००३ च्या जीप रुबिकॉनमधल्या ४ या लो रेशोसाठी कड्याला सन गिअरच्या तिप्पट दाते लागतात, म्हणून जुन्या केसमध्ये एखादा गिअर बदलून तो रेशो मिळत नाही. न्यू प्रोसेसच्या केसवर मागच्या बाजूला रेशो कोरलेला गोल पत्रा असतो. पण मागचा अर्धा भाग कधी बदललेला असू शकतो, म्हणून त्या पत्र्यावर मी विसंबत नाही.

हाताने मोजणं सोपं आहे. लो लावा, इनपुट आणि आउटपुट दोन्हींवर खडूने खूण करा, आउटपुटचे दहा फेरे पूर्ण होईपर्यंत इनपुटचे मोजा. २०.३ आले तर डाना २० जीपची, साडेचोवीस आले तर ब्रॉन्कोची. २.६२ आणि २.७२ मधला फरक दहा फेऱ्यांत एकाच फेऱ्याचा आहे, तेव्हा तिथे केस खोलून दातेच मोजावेत. गिअरच्या दोन जोड्या असतील तर प्रत्येक जोडीत फिरणाऱ्या गिअरच्या दात्यांना फिरवणाऱ्याच्या दात्यांनी भागायचं आणि दोन्ही भागाकार गुणायचे. डाना १८ (म्हणजे स्पायसर १८) असेल तर त्याच वेळी मधल्या शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्यावा आणि मगच बेअरिंगचा संच मागवावा.