शांत गल्लीची शांतता आली कुठून?

शांत गल्लीत राहिलं की कान तयार होतात. कुणाची गाडी आली, कुणाचं गेट वाजलं, जिना कोण चढतंय, हे खिडकीशी न जाता कळतं. मला बरीच वर्षं वाटायचं की अशी गल्ली म्हणजे नशीब, मिळाली तर मिळाली. पण इतिहास वाचायला लागले आणि कळलं, बऱ्याच ठिकाणी ही शांतता कुणीतरी मुद्दाम आखलेली आहे, काही ठिकाणी तर अक्षरशः भांडून मिळवलेली.

गोंगाट काही आजचा नाही. प्राचीन रोममध्ये दिवसा बहुतेक गाड्यांना शहरात बंदी घातली होती, मग झालं काय की माल सगळा रात्री यायला लागला आणि लोकांची झोप उडाली.

पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब वसवताना अरुंद रस्ते आणि बंद गल्ल्या ठेवायला नेहमीच्या नियमांत परवानगीच नव्हती, म्हणून 1906 मध्ये पार्लमेंटकडून वेगळा कायदा करून घ्यावा लागला. मग मोटारी आल्या. 1929 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्नला घरांची रचनाच उलटी केली, गाड्या एका बाजूने बंद गल्लीत येणार आणि दुसऱ्या बाजूला पायवाटा आणि बाग, म्हणजे मुलांना गाड्यांमध्ये जायची वेळच कमी.

पण मला सगळ्यात भिडलं ते शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांचं काम. 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी दिसायला साधारण सारखेच तीन रस्ते निवडले, एकावरून दिवसाला साधारण 2,000 गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून 8,000, तिसऱ्यावरून 16,000. कमी ट्रॅफिकच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी 3 मित्र, आणि जास्त ट्रॅफिकच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही, 0.9. ‘तुमचं घर कुठपर्यंत’ असं नकाशावर दाखवायला सांगितलं तर शांत रस्त्यावरच्यांनी जवळजवळ सगळा रस्ताच आपला म्हणून दाखवला, गर्दीच्या रस्त्यावरचे स्वतःच्या दारापाशीच थांबले. हे वाचून मी खूप वेळ तशीच बसले होते. ॲपलयार्ड 1982 मध्ये अथेन्सला भरधाव गाडीच्या धडकेत गेले.

त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरात गल्ल्या नव्याने बांधायला सुरुवात झाली, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर, मध्ये झाडं, वळणं, आणि गाडीने चालणाऱ्याच्या वेगाने जायचं. नाव ‘वोनएर्फ’, म्हणजे घरापुढचं अंगणच म्हणा ना. 1976 मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली आणि मुलांना अख्ख्या रस्त्यावर खेळायचा हक्क मिळाला. त्यामागे आईवडिलांचा संताप होता, 1971 या एका वर्षात त्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 400 हून जास्त मुलांचा जीव गेला होता.

आता फोनमधला मॅप शॉर्टकट म्हणून अनोळखी गाड्या थेट अशा गल्लीत आणून सोडतो, म्हणून कितीतरी शहरांत गल्लीच्या तोंडाशी कुंड्या किंवा खांब लावून फक्त सायकल आणि माणसं जाऊ देतात. मला ते आवडतं, पण थांबवलेल्या गाड्यांतल्या काही तरी शेजारच्या मोठ्या रस्त्यावर जातातच, आणि तिथेही लोकांच्या बेडरूमच्या खिडक्या आहेत. तिथल्यांना कुणी विचारलं का, हा वाद अजून चालूच आहे.