मीटर कमी म्हणजे गाडी चांगली?

‘जुन्या युरोपीय स्पोर्ट्स कारपैकी जी कमी धावली, तीच उत्तम’ हा समज वर्षानुवर्षे फॉरवर्ड होत आला आहे. नव्या गाडीबाबत तो बराचसा खरा असल्याने त्यावर विश्वास बसणे स्वाभाविकच आहे. मात्र ५० वर्षांच्या गाडीचे नुकसान धावण्याइतकेच नुसते उभे राहण्यानेही होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, रबरी सील कडक होतात, टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. ठाणे खाडीलगतच्या दमट गॅरेजमध्ये तर गंजाला आणखी वाव मिळतो. शिवाय त्या काळच्या अनेक गाड्यांचे मीटर पाच आकडीच असल्याने ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते. (काही मीटर मैलांत मोजतात, ही गंमत निराळीच.)

म्हणून वाशीतील एक आणि घोडबंदर रोडवरील एक अशा दोन गाड्यांची तुलना करताना पेडलच्या रबराची झीज मीटरशी जुळते का, हे पाहावे, सर्व्हिसची बिले तारखेनुसार लावून त्यांवरील किलोमीटर क्रमाने वाढतात का, ते तपासावे आणि टायरवरील उत्पादनाचे चार अंक वाचावेत : २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा.